देवलमास्तर

गोविंद बल्लाळ देवल यांच्या नावावर एकंदर सात नाटके आहेत. त्यांपैकी तीन संस्कृतावरून घेतलेली, तीन इंग्रजीवरून, आणि कथानकासह सर्वस्वी त्यांची म्हणावी अशी एकच, ती म्हणजे ‘शारदा’. वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांतून देवलांच्या वाट्याला येणारी दोन-तीन पाने बहुधा या हिशेबाने सुरू होतात आणि ‘शारदे’ची थोरवी सांगून संपतात. एम. ए. च्या वर्गात आम्ही अध्यापक मंडळीही देवल शिकवतो ते याच क्रमाने. हा हिशेब खोटा नाही. परंतु ज्या माणसाने उमेदीची बहुतेक वर्षे तालमीच्या जागेत काढली, ज्याला नाटक मंडळीतील लहानथोर सारे ‘मास्तर’ म्हणूनच ओळखत, त्याचे मोजमाप केवळ छापील पानांवरून केले तर पुष्कळसे हातातून निसटून जाते.

आपल्या वाचनालयाच्या शताब्दी ग्रंथात देवलांचे चरित्र यावे, याला एक स्थानिक कारणही आहे. मास्तरकीशी त्यांचा संबंध प्रथम जुळला तो आपल्या बेळगावात. येथेच ते शिकले, येथेच त्यांनी शाळेत मुलांना शिकवले, आणि ज्यांच्यामुळे ते नाटकाकडे वळले ते अण्णासाहेब किर्लोस्करही त्यांना येथेच भेटले. मराठी संगीत रंगभूमीचा जन्म पुण्याचा असे आपण म्हणतो, ते योग्यच आहे. पण तिचे आजोळ आपल्या परिसरात होते, हे विसरण्याचे कारण नाही.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ चा. त्यांचे बालपण सांगलीजवळच्या हरिपूर या गावी गेले. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर वसलेले, संगमेश्वराच्या देवळाचे हे लहानसे गाव. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, आणि त्याला निमित्त झाले ते कर्नाटकातील कर्की येथून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाचे. म्हणजे देवलांच्या जन्मापूर्वी बारा वर्षे त्यांच्या गावाच्या शिवेपाशी मराठी नाटक उभे राहिले होते, आणि ते उभे राहण्यात कानडी खेळांचा हात होता. दोन भाषांच्या सरमिसळीत वाढलेल्या आपल्या लोकांना याचे नवल वाटणार नाही. हरिपूर, सांगली, मिरज, बेळगाव हा सारा टापू तेव्हा नाटकवेडा होता. भाव्यांच्या धर्तीवरच्या मंडळ्या गावोगाव हिंडत, सूत्रधार एकटाच आख्यान गाई, आणि पात्रे ऐन वेळी सुचेल तसे बोलत. राक्षसांच्या आरडाओरडीत शब्दांकडे लक्ष कोण देणार? पुढे ज्याने आपले आयुष्य शब्द नीट उच्चारायला शिकवण्यात घालवले, त्याच्या कानांवर लहानपणी हे नाटक पडले असणार.

इंग्रजी शिक्षणासाठी देवल बेळगावास आले. अण्णासाहेब किर्लोस्कर तेव्हा येथे शिक्षक होते. अण्णासाहेब मूळचे गुर्लहोसूरचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे. संस्कृताचा व्यासंग, कवित्वशक्ती आणि नाटकाचा नाद ही तीनही त्यांच्या ठिकाणी एकत्र आली होती. ‘शांकरदिग्विजय’ हे गद्य नाटक त्यांनी १८७३ साली प्रसिद्ध केले होते. गुरुशिष्यांच्या वयात बारा वर्षांचे अंतर होते. देवल १८७९ साली मॅट्रिक झाले आणि बेळगावातच शाळेत शिक्षक म्हणून काम करू लागले. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी मॅट्रिक होणे आज फार उशिराचे वाटेल. त्या काळी खेड्यातून आलेल्या मुलाच्या बाबतीत ते अपवादात्मक नव्हते. हाती शाळामास्तराची नोकरी आली होती. रीतसर चालता तर हा गृहस्थ हेडमास्तर होऊन निवृत्त झाला असता.

तसे घडले नाही, याचे कारण पुण्यात होते. अण्णासाहेब तोवर पुण्यास रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला गेले होते. तेथे एका पारशी मंडळीचा संगीत ‘इंद्रसभे’चा खेळ त्यांच्या पाहण्यात आला, आणि असे नाटक आपल्या भाषेत का होऊ नये, या ईर्षेने त्यांनी कालिदासाचे ‘शाकुंतल’ हाती घेतले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. गाणारा सूत्रधार मागे सरला आणि पात्रे स्वतः आपली पदे गाऊ लागली. एवढ्या एका फरकाने नटाचे सारे कामच बदलून गेले. आता नटाला बोलता बोलता गाण्यात शिरावे लागे, गाता गाता परत बोलण्यावर यावे लागे, आणि हे करताना दुष्यंताचा दुष्यंत राहावा लागे. हे कोणी तरी शिकवायला हवे होते. अण्णासाहेब शिकवत होतेच, आणि त्यांच्या हाताखाली शिकवू लागले ते देवल. १८८२ साली ‘सौभद्र’ आले, १८८४ साली ‘रामराज्यवियोग’ अपुरेच रंगभूमीवर आले, आणि २ नोव्हेंबर १८८५ रोजी वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी अण्णासाहेब गुर्लहोसूर येथे निवर्तले.

देवलांचे वय तेव्हा तीस वर्षांचेही झालेले नव्हते. गुरूच्या निधनानंतर ते पुण्यास गेले आणि शेतकीच्या अभ्यासाला लागले, ही त्यांच्या चरित्रातील एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट. नाटकाच्या धंद्यात पोट भरेल याची शाश्वती सुशिक्षित माणसाला वाटत नव्हती, हे त्यामागचे सरळ कारण असावे. पण नाटकाने त्यांना सोडले नाही. पुण्यात सुशिक्षितांची आर्योद्धारक नाटक मंडळी होती. तिच्यात ते नट आणि शिक्षक अशा दोन्ही नात्यांनी वावरले. ही गद्य नाटकांची मंडळी. शेक्सपिअरची नाटके मराठीत करून दाखवण्याचा तिला ध्यास होता. अण्णासाहेबांकडे देवलांनी गाण्याचे नाटक पाहिले होते. येथे त्यांना निव्वळ बोलण्याचे नाटक हाताळायला मिळाले. पुढे त्यांच्या संगीत नाटकांतील गद्य इतके सुटसुटीत आणि बोलके झाले, त्याची पूर्वतयारी या काळात झाली असे मला वाटते. गवई नट म्हणून देवलांचा लौकिक कधीच झाला नाही. कदाचित त्यामुळेच शब्दावर त्यांचे लक्ष अधिक राहिले.

‘दुर्गा’ हे त्यांचे पहिले नाटक १८८६ सालचे. इंग्रजी नाटककार सदर्न याच्या १६९४ सालच्या शोकांतिकेला गॅरिक या प्रसिद्ध नटाने पुढे ‘इझाबेला’ हे रूप दिले होते. त्यावरून देवलांनी ते रचले. मूळ कथेत नवरा मेला असे समजून चाललेली एक स्त्री कर्जापायी आणि पोरापायी हतबल होते, आणि ज्याने तिचे देणे फेडले त्याच्याशी लग्न करते. मग पहिला नवरा जिवंत परत येतो. १८९० साली ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ आले. ऑथेल्लोचा झुंजारराव, डेस्डिमोनाची कमळजा, इयागोचा जाधवराव. नावे केवळ मराठी केलेली नाहीत, माणसेच मराठी झाली आहेत. व्हेनिसच्या नोकरीत असलेला काळा सेनापती मराठी वातावरणात आणणे सोपे नव्हते, आणि वर्णभेदाचा पीळ या स्थलांतरात बराच सैल पडला, हे मान्य केले पाहिजे. पण संशयाने पोखरत जाणारा शूर पण भोळा सरदार मराठी प्रेक्षकाला आपल्या माणसांपैकी वाटला. गणपतराव जोशी यांच्या गाजलेल्या भूमिकांत झुंजाररावाची गणना होते.

संस्कृतावरून त्यांनी केलेल्या तीन नाटकांत शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ सर्वांत टिकाऊ ठरले. कालिदासाचे ‘विक्रमोर्वशीय’ आणि बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तील महाश्वेतेच्या कथेवर रचलेले ‘शापसंभ्रम’ यांना तेवढे आयुष्य लाभले नाही. ‘शापसंभ्रम’ १८९३ चे. मैल मैल लांबीच्या समासांतून वाहणारी बाणाची कथा रंगभूमीवर उतरवणे हेच मुळी धाडस होते, आणि देवलांनी ते केले तरी त्या कथेतले स्वप्नमय वातावरण पडद्यांच्या आणि कनातींच्या जगात पुरते मावले नाही. उलट ‘मृच्छकटिका’त जुगारी, चोर, गाडीवान, राजाचा मूर्ख मेहुणा अशी रस्त्यावरची माणसे आहेत. ती देवलांच्या हाती आली आणि मराठी बोलू लागली. शकाराचे बोलणे ऐकून हसणाऱ्या प्रेक्षकाला आपण दीड हजार वर्षांपूर्वीच्या उज्जयिनीत आहोत याची आठवण राहत नसे. भाऊराव कोल्हटकरांनी वसंतसेना गाजवली. पुढे बालगंधर्वांनीही ती केली. आणि गणपतराव बोडसांचा शकार मराठी रंगभूमीवरच्या संस्मरणीय भूमिकांपैकी एक झाला.

आता ‘शारदा’. तिच्यामागची पार्श्वभूमी थोडी सांगितली पाहिजे. १८८४ साली मलबारींनी बालविवाहावरची आपली टिपणे प्रसिद्ध केली. त्याच सुमारास रखमाबाईंचा खटला उभा राहिला आणि काही वर्षे गाजत राहिला. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन ती मर्यादा दहावरून बारावर आली, आणि त्या वादात महाराष्ट्रातील सुशिक्षित समाज उभा दुभंगला. रंगभूमीवरही हा विषय अगदी नवा नव्हता. चितळ्यांचे ‘मनोरमा’ हे बालविवाहाचे दुष्परिणाम दाखवणारे गद्य नाटक १८७१ सालचे. परंतु संगीत नाटक म्हणजे पुराणातले राजे आणि संस्कृतातल्या नायिका, असा जो अलिखित नियम होता, तो मोडून देवलांनी एका गरीब भिक्षुकाची मुलगी नायिका म्हणून उभी केली. १३ जानेवारी १८९९ रोजी इंदूर येथे किर्लोस्कर मंडळीने ‘शारदे’चा पहिला प्रयोग केला.

गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पाऊणशे वर्षांचा श्रीमंत भुजंगनाथ पुन्हा बोहल्यावर चढू पाहतो. भद्रेश्वर दीक्षित हा दलाल मध्यस्थी करतो. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली मुलगी देऊ करतो. आई इंदिराकाकू तळमळते, पण तिचे चालत नाही. कोदंड नावाचा तरुण या लग्नात आडवा येतो. लग्न ऐन वेळी मोडते. अपमानाने आणि निराशेने शारदा जीव द्यायला नदीवर जाते. कोदंड तिला वाचवतो, आणि शंकराचार्यांच्या संमतीने त्या दोघांचे लग्न होते.

हे लग्न मोडते कशामुळे, इकडे मात्र आपले पुरेसे लक्ष जात नाही. वर पंच्याहत्तर वर्षांचा आहे म्हणून ते मोडत नाही. मुलीची इच्छा नाही म्हणूनही मोडत नाही. मुलगी विकली जात आहे हे गावाला ठाऊक असते. तरी अंतरपाट धरणारे हात मागे घेतले जात नाहीत. वर आणि वधू यांचे गोत्र एक आहे, हे कोदंड उघड करतो तेव्हा मात्र सारे थांबते. या युक्तीला काही टीकाकारांनी दोष दिला आहे. सामाजिक प्रश्न हाती घेऊन नाटककाराने त्याचे उत्तर शास्त्राच्या एका कलमावर सोपवले, शेवटी शंकराचार्यांचा आधार घेतला, म्हणजे त्याने कच खाल्ली, असा त्यांचा रोख असतो. मला हा आक्षेप पटत नाही. जो समाज आजोबाच्या वयाच्या माणसाला मुलगी देताना डोळे मिटून घेतो आणि गोत्राचे नाव निघताच दचकून जागा होतो, त्याचे याहून बोचरे चित्र कोणते काढता आले असते? भाषण एकही न देता देवलांनी ते काढले. प्रेक्षकांतल्या सनातन्याला उठून जाण्याचे कारण मिळाले नाही, आणि घरी परतल्यावर झोपही लागली नसावी. शंकराचार्यांच्या संमतीचा भाग मात्र मलाही थोडा सोयीचा वाटतो. संगीत नाटकाचा शेवट गोड करण्याची रूढी देवलांना तोडता आली नाही.

‘शारदे’ची भाषा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तीनच वर्षांपूर्वी, १८९६ साली, त्याच किर्लोस्कर मंडळीने श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘वीरतनय’ रंगभूमीवर आणले होते. कल्पनांचे खेळ, कोट्यांची आतषबाजी आणि नव्या धर्तीच्या चाली यांनी तरुण प्रेक्षक भारून गेले होते. देवल त्या वाटेने गेले नाहीत. त्यांनी साकी, दिंडी, अंजनीगीत अशा जुन्या रचना आणि बायकांच्या गाण्यांची वळणे घेतली, आणि घराच्या ओटीवर, माजघरात, नदीच्या घाटावर जे बोलले जाते तेच रंगभूमीवर बोलू दिले. इंदिराकाकूच्या तोंडी माजघरातली मराठी आहे, कांचनभटाच्या तोंडी दक्षिणा मोजणाऱ्या भटाची, भद्रेश्वराच्या तोंडी दोन्ही बाजूंकडून दलाली उकळणाऱ्या मध्यस्थाची. शारदेच्या मैत्रिणी आपसांत बोलतात त्यात थट्टा आहे आणि थट्टेच्या तळाशी भीती आहे. पदेही अशी की ती गाणे म्हणून वेगळी उभी राहत नाहीत. बोलताना गहिवर आला आणि बोलण्याचे गाणे झाले, असे वाटते. ती घरोघर गेली, आणि ज्या बायकांना नाटकाला जाण्याची मोकळीक नव्हती त्यांच्या तोंडीही बसली.

जाता जाता एक गैरसमज दूर करावासा वाटतो. १९२९ साली झालेला बालविवाह प्रतिबंधक कायदा शारदा कायदा म्हणून ओळखला जातो, आणि तो देवलांच्या नायिकेच्या नावावरून पडला, असे पुष्कळ मराठी माणसे समजतात. तो ज्यांनी मांडला त्या हरबिलास सारडा यांचे नाव त्याला मिळाले आहे. सारडाचे शारदा आपण केले. तसे करावेसे वाटले, यात देवलांच्या नाटकाचे यश थोडेफार आहेच.

‘शारदे’त पहिल्या संचात कोदंडाची भूमिका भाऊराव कोल्हटकरांची होती. सुभद्रा, शकुंतला, वसंतसेना या भूमिकांनी ज्यांनी महाराष्ट्र वेडा केला, ते भाऊराव आता पुरुषवेषात उभे राहिले. १३ फेब्रुवारी १९०१ रोजी ते अकाली गेले. किर्लोस्कर मंडळीचा प्राणच गेल्यासारखे झाले. चार वर्षांनी, १९०५ साली, मिरजेस नारायणराव राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा मंडळीत आला. तोच बालगंधर्व. गळा ईश्वराने दिलेला होता, पण अभिनय शिकायचा होता, आणि तो त्यांना मिळाला देवलांकडून. शकुंतला, शारदा, वसंतसेना या त्यांच्या भूमिकांची घडण देवलांच्या तालमीत झाली. गाण्यात भास्करबुवा बखले आणि नाटकात देवलमास्तर, ही आपली दोन गुरुस्थाने बालगंधर्व शेवटपर्यंत मानत आले.

नाटक मंडळीतील तालीम म्हणजे काय, याची कल्पना आजच्या वाचकाला येणे अवघड आहे. मंडळीत दहा-बारा वर्षांची मुले गळा पाहून घेतली जात. पुष्कळांचे शिक्षण जेमतेम अक्षरओळखीपुरते. कोणी कोकणातला, कोणी देशावरचा, कोणी कर्नाटकातला. प्रत्येकाचे हेल वेगळे. नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले, आणि ध्वनिवर्धक नसल्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत प्रत्येक अक्षर गळ्यानेच पोचवावे लागे. अशा मुलांना बिऱ्हाडाच्या ओसरीवर बसवून मास्तर प्रथम शब्दाचा अर्थ सांगत, मग उच्चार घोटून घेत, मग तो शब्द कोणाला उद्देशून आणि कोणत्या मनःस्थितीत आला आहे ते समजावीत. उभे कसे राहावे, दुसरा बोलत असताना आपण काय करावे, पद संपल्यावर टाळ्यांची वाट पाहत उभे न राहता पुढच्या वाक्यावर कसे यावे, हे सारे शिकवण्याचे विषय. पुरुष नटाला स्त्री करायची, तर पदर कधी सावरावा आणि कधी सावरू नये, हेही. बोडसांनी ‘माझी भूमिका’ या आत्मचरित्रात देवलांविषयीची आपली कृतज्ञता मोकळेपणाने व्यक्त केली आहे. बोडस गायक नव्हते. बोलण्याच्या बळावर गायकांच्या मंडळीत पहिल्या प्रतीचा नट होता येते, हे त्यांनी दाखवले, आणि हा आत्मविश्वास अशा मास्तराखाली काम केल्यावाचून येणे कठीण होते.

या शिकवण्याचा परिणाम उलट दिशेनेही झाला. देवलांची वाक्ये आखूड आहेत. ती कुठे थांबायची ते वाचतानाही कळते. अवघड जोडाक्षरे ऐन भावनेच्या जागी येत नाहीत. पद सुरू होण्यापूर्वीचे गद्य वाक्य नटाला सुरापर्यंत हाताला धरून नेते. ओसरीवरची पोरे कुठे अडखळतात हे वर्षानुवर्षे ऐकलेला माणूसच असे लिहू शकतो. त्यांची रूपांतरे रूपांतरे वाटत नाहीत, याचे रहस्य मला येथे दिसते. भाषांतरकार पुस्तकातून पुस्तकात नेतो; देवल पुस्तकातून नटाच्या तोंडात नेत होते.

आणि आरंभीच्या हिशेबाकडे पुन्हा पाहायचे, तर उसन्या कथा निवडतानाही त्यांची नजर कुठे जात होती हे दिसते. सावकारांच्या तगाद्याने दुसऱ्या लग्नाकडे ढकलली जाणारी दुर्गा. जिला शकार पैशाने आणि दांडगाईने विकत घेऊ पाहतो आणि जी एका निर्धन ब्राह्मणावर जीव लावते ती वसंतसेना. बापाने विकायला काढलेली शारदा. नायकिणीच्या घरात वाढलेली आणि लग्नाचा संसार मागणारी रेवती. कथा इंग्लंडची असो, उज्जयिनीची असो वा कृष्णाकाठची असो, स्त्रीची किंमत ठरवणारी माणसे आणि ती किंमत नाकारणारी एक बाई, हे चित्र पुन्हा पुन्हा येते. इतक्या वेगवेगळ्या ठिकाणांहून एकच गोष्ट उचलणाऱ्याला केवळ रूपांतरकार म्हणून बाजूला सारणे मला अवघड जाते.

रेवती ‘संशयकल्लोळा’तली. या नाटकाचा प्रवासही मोठा आहे. मोलिएरने १६६० साली लिहिलेल्या प्रहसनावरून आर्थर मर्फी याने १७६१ साली इंग्रजी नाटक केले. त्यावरून देवलांनी १८९३ साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक रचले. भर रस्त्यात घेरी आलेल्या मुलीला सावरणारा फाल्गुनराव, ते पाहणारी त्याची बायको कृत्तिका, त्या मुलीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर, आणि ती बायकोच्या हातात पाहून फाल्गुनरावाच्या डोक्यात शिरलेले भूत. पात्रांची नावे महिन्यांची आणि नक्षत्रांची. साऱ्या पंचांगाचाच घोळ. ज्याने ‘झुंजारराव’ लिहिला त्यानेच तीन वर्षांनी हे लिहिले, ही गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. तेथे संशयाने बायकोचा प्राण घेतला. येथे तोच संशय घरोघरी चालणारी थट्टा झाला.

१९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली, तेव्हा देवलही नाट्यशिक्षक म्हणून तिकडे गेले. साठीला टेकलेल्या माणसाने गुरूच्या नावाची मंडळी सोडून शिष्यांच्या नव्या बिऱ्हाडात जाणे सोपे नसते. या नव्या मंडळीसाठी त्यांनी जुन्या ‘फाल्गुनरावा’त पदे घातली आणि त्याचे संगीत ‘संशयकल्लोळ’ केले. तेवीस वर्षांपूर्वीच्या गद्य प्रहसनाला गाणी लावताना त्याची चपळाई जाण्याचा धोका होता. ती गेली नाही. पदे थोडक्यात आटोपतात आणि घोटाळा पुढे सरकत राहतो.

१४ जून १९१६ रोजी देवल निवर्तले. ‘संशयकल्लोळा’चा संगीत प्रयोग त्यांना पाहायला मिळाला नाही. तो २० ऑक्टोबर १९१६ रोजी झाला. फाल्गुनराव झाले गणपतराव बोडस आणि रेवती बालगंधर्व. नाटक पहिल्यापासून चालले आणि पुढे शतकभर चालत राहिले. संगीत नाटकाचे दिवस सरले असे म्हणणाऱ्यांच्या काळातही नवे नट त्यात उभे राहत गेले. बोडसांनी बसवलेल्या जागा पुढच्या फाल्गुनरावांनी उचलल्या, त्यांच्याकडून त्यापुढच्यांनी. त्यांतल्या कोणत्या बोडसांच्या आणि कोणत्या मास्तरांच्या, हे आता वेगळे काढता येत नाही.

अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेने देवलांचा स्मृतिदिन, १४ जून, हा आपल्या वार्षिक पारितोषिकांचा दिवस ठरवला. हरिपुरात संगमाच्या वाटेवरचा पार अजून दाखवतात, आणि मास्तर तेथे बसून ‘शारदा’ लिहीत असत असे गावकरी सांगतात.